चकाचक नकोच

"एवढा जीव लावतोस, मग पातं काळंच का ठेवलंस? बफिंग मशीनवर धर, चकाचक होईल."

मित्र सहज बोलून गेला. माझ्या हातात हाडाच्या मुठीचा जुना घडीचा चाकू होता. दिवसभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

लाल गंज शत्रूच. तो पात्याला खड्डे पाडतो, काढायलाच हवा. पण जुन्या कार्बन स्टीलवरचा निळसर-काळा थर वेगळा. तो वर्षानुवर्षं फळं-भाज्या कापून चढलेला असतो आणि गंजाला थोडाफार अडवतोही. म्हणून मी फक्त लाल डागांवर तेल लावून हळूहळू चोळत बसतो. वेळ लागतो, लागू दे.

या पात्याचं टोकाकडचं पोट झिजून आत गेलंय. एका अंगाला दगडाचे तिरके ओरखडे दाट, दुसऱ्या अंगाला जेमतेम. कुणीतरी आयुष्यभर एकाच बाजूने धार लावली असणार. त्या माणसाचं नाव मला कधीच कळणार नाही, पण त्याच्या हाताची सवय समोर आहे. ती मी मशीनवर घासून टाकू?

आणि पात्याच्या बुडाशी असलेला शिक्का! बफिंगमध्ये तोही जातो. अमेरिकेतल्या 'केस' कंपनीच्या चाकूंवर १९७० साली शिक्क्याखाली १० ठिपके होते, पुढे काही वर्षं दरवर्षी एकेक कमी होत गेला. ठिपके पुसले की चाकूचं सालच गेलं.

तुमच्या घरात असा जुना चाकू असेल तर बुडाशी भिंग धरून बघा. काय दिसतंय?