धोटा अडकला होता नमपॅडवर

उघडली! अण्णांची ड्राइव्ह उघडली. शनिवारी रात्री पावणेबाराला ड्राइव्हशी थेट बोलणाऱ्या एचडीपार्म या लिनक्स कमांडच्या यादीत 'लॉक्ड'च्या डावीकडे 'नॉट' उमटलं आणि मी उठून उगीचच गॅलरीत एक फेरी मारून आलो. परत येऊन कमांड पुन्हा चालवली. 'नॉट' जागेवरच होतं.

मागचं थोडक्यात. सोलापूरच्या अक्कलकोट रोडला अण्णांचे माग आहेत. त्यांच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड गेला. आतली 320 जीबीची अडीच इंची ड्राइव्ह धडधाकट, पण बायोसमधून (संगणक सुरू होतानाच चालणारा प्रोग्राम) लावलेला एटीए पासवर्ड, म्हणजे ड्राइव्हचं स्वतःचं कुलूप, तिच्यावर. आत बारा वर्षांच्या जॅकार्ड डिझाइन्स. सिक्युरिटी लेव्हल मॅक्झिमम, म्हणजे मास्टर पासवर्ड हाताला लागला तरी त्याने ड्राइव्ह फक्त पुसता येते. एका दुकानदाराने 'खालचं सर्किट बदलू, पासवर्ड उडेल' असं छातीठोक सांगितलं होतं. पासवर्ड तबकड्यांवरच्या राखीव भागातही असतो हो, सर्किट बदलून तो कुठे जाणार? वर त्या ड्राइव्हपुरती मापं लिहिलेली रॉम चिप जुन्या सर्किटबरोबरच जायची.

फ्रोझनचं लचांड आधीच संपलं होतं. बायोस चालू होतानाच फ्रीझ लॉक पाठवतो, मग ड्राइव्ह पासवर्डच्या कमांड ऐकतच नाही, म्हणून जुन्या डेस्कटॉपला एएचसीआय मोडमध्ये (यात चालू मशीनला ड्राइव्ह जोडता येते) टाकलं, पेनड्राइव्हवरून लिनक्स चढवलं आणि ड्राइव्हची पॉवर केबल नंतर जोडली. यूएसबी केसच्या नादाला लागू नका. माझ्याकडच्या दोन्ही केस सिक्युरिटी कमांड पुढे ढकलतच नाहीत. आणि मोलेक्स-टू-साटा केबल घ्यायचीच तर ओतीव प्लास्टिकच्या टोकाची घेऊ नका, ती आतल्या आत शॉर्ट होऊन पेटतात.

आता खरं दुखणं. पासवर्ड आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होता! 'धोटा72', इंग्रजी अक्षरांत. (आता काढूनच टाकलाय, म्हणून बिनधास्त लिहितोय.) धोटा मागाचा, आडवा धागा नेणारा; 72 हे दुष्काळाचं साल, अण्णांचं जन्मसाल. तरी ड्राइव्ह 'नाही'च म्हणायची. अण्णा वैतागले, "रोज हेच दाबूलालो की बे मी, चुकंल कसं?" पहिलं अक्षर कॅपिटल करून पाहिलं, मध्ये स्पेस टाकून पाहिली. पाच वेळा चुकलं की ड्राइव्ह तोंड मिटून बसते. केबल काढा, घाला, पुन्हा पाच. तीन आठवडे हाच खेळ.

मग कीबोर्डकडे पाहताना टाळक्यात प्रकाश पडला. एचडीपार्म ड्राइव्हला अक्षरांचे आस्की कोड (प्रत्येक अक्षराचा ठरलेला आकडा) देतो. पण काही जुने बायोस अक्षर पाठवतच नाहीत, कळ दाबल्यावर कीबोर्डकडून येणारा स्कॅनकोड तसाच पुढे ढकलतात. डी आस्कीत 64, स्कॅनकोडमध्ये 20 (हे सगळे कोड हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायावर). एच 68, त्याचा 23. टी 74, त्याचा 14. हे खरं असेल तर कॅपिटल-स्मॉलचा प्रश्नच मिटतो, कळ तीच ना! पायथनमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहिली: 512 बाईटचा ब्लॉक, पहिल्या शब्दात यूजर की मास्टर, पुढचे 32 बाईट पासवर्ड, बाकी शून्यं, आणि एफ-2, म्हणजे कुलूप उघडायची कमांड. हात थरथरत एन्टर मारला.

नाही म्हणाली.

पासवर्डच्या शेवटी एन्टरचा कोड लावून पाहिला, उलटा क्रम पाहिला. पुन्हा पाच संपले, पुन्हा केबल. त्या दिवशी सगळं गुंडाळून पुण्याला पाठवायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

शनिवारी अण्णा शेंगाचटणीचा डबा घेऊन आले. सहज म्हटलं, "अण्णा, आज सांगू नका, टाइप करून दाखवा." माझा कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला. डाव्या हाताच्या एका बोटाने डी, एच, ओ, टी, ए शोधत शोधत दाबलं. मग उजवा हात न बघता सरळ उजवीकडच्या नमपॅडवर गेला: सात, दोन. टॅलीवर हिशेब करणारा हात, वरच्या ओळीतले आकडे त्याला ठाऊकच नाहीत! वरच्या ओळीतला सात म्हणजे 08 आणि दोन म्हणजे 03. नमपॅडवर तेच 47 आणि 50. मी तीन आठवडे 08, 03 कुटत होतो. अण्णा घरी गेल्यावर दोन बाईट बदलले आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

बेत असा होता की आधी डीडीरेस्क्यूने (बिघडलेल्या ड्राइव्हवरूनही वाचणारा प्रोग्राम) इमेज, म्हणजे पूर्ण नक्कल, घ्यायची, मग सावकाश पासवर्ड काढायचा. तेवढ्यात पंखा मंदावला. आमच्याकडे रात्रीची लाइट कधी डोळा मारेल नेम नाही, आणि वीज गेली की ड्राइव्ह पुन्हा लॉक. म्हणून क्रम उलटा केला: आधी एफ-6 ने पासवर्ड कायमचा काढला, मग इमेज. पहिली फेरी दीड तासात झाली. चार ठिकाणी अडकली, मिळून 212 केबी राहिलंय. उरलेलं उलट्या दिशेने वाचायला लावलंय, नोंद मॅपफाइलमध्ये आहे, तेव्हा लाइट गेली तरी जिथे थांबली तिथून पुढे चालेल.

भंगारातून तसाच मदरबोर्ड शोधायचा विचार होता, तो रद्द. त्याऐवजी लिहिता लिहिताच सुचलं: स्क्रिप्टला एकच पासवर्ड द्यायचा आणि आस्की, स्कॅनकोड, वरचे आकडे, नमपॅड या सगळ्या जोड्या तिनेच पाच-पाचच्या गटात पाडून द्यायच्या. पाच झाले की बीप, मी केबल काढतो. उद्यापासून तेच. तुमच्याकडे अशा लॉक झालेल्या, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या ड्राइव्ह पडून असतील तर कुठला लॅपटॉप काय पाठवतो ते कळवा, तक्ता करतो.

काल अण्णांना पहिली फाइल उघडून दाखवली. चादरीचा मोर, पिसाऱ्यात चौकोन चौकोन. ते स्क्रीनजवळ वाकले, चष्मा वर केला. "बे, ह्याच्या मानेत एक घर चुकलंय. दुरुस्त करायचं राहूनच गेलं की."