लाँग ट्रेलची तयारी, देवगडच्या पडवीत

गणपतीला घरी आले आहे. रात्री आरत्या आटोपल्या की पडवीत बसून मी अमेरिकेतल्या अनोळखी माणसांच्या डायऱ्या वाचते. सप्टेंबरअखेर परत गेले की व्हरमाँटमधली लाँग ट्रेल चालायची आहे. मॅसॅच्युसेट्सच्या हद्दीपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत, ग्रीन माउंटन्सच्या माथ्यामाथ्याने जाणारी सुमारे ४४० किलोमीटरची ही वाट ग्रीन माउंटन क्लबने १९१० ते १९३० या काळात घडवली.

वाटेवरच्या लाकडी निवाऱ्यांत वही ठेवलेली असते. आला-गेला चार ओळी लिहून पुढे जातो. कित्येक जण घरी परतल्यावर रोजचा मुक्काम सविस्तर लिहून काढतात. मोठेपणा कुठेच नाही. अमुक झरा आटलाय, पण जरा खाली उतरलं की पाणी आहे. फिल्टर एकदा गोठला की त्याचा भरवसा नाही, तेव्हा रात्री तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊनच झोपा. निवाऱ्यात उंदीर आहेत, खाऊची पिशवी उघडी टाकू नका. दमून-भागून, काकडलेल्या बोटांनी हे लिहायचं, तेही कधी भेटणारच नाही अशा माणसासाठी! मला हे फार मोठं वाटतं.

अर्थात डायऱ्या पारखून घ्याव्या लागतात. जुलैत चाललेल्याची डायरी मला निरुपयोगी. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे दिवस जेमतेम अकरा तासांचा उरतो. एकाला कोरडा सापडलेला झरा दुसऱ्याला खळाळता दिसतो, म्हणून त्या आठवड्यात पाऊस झाला होता का, ते आधी शोधते. रोज तीस किलोमीटर तोडणाऱ्याचे मुक्काम मी धरतच नाही. पानगळीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत: पाऊलवाट पानांखाली बुजते, दगड आणि मुळं दिसत नाहीत, खोडांवरचे पांढरे पट्टे बघत चालायचं. हे वाचून मी घाबरले नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून डोक्यावर भारा घेऊन उतरणाऱ्या बायका बघत मी वाढले आहे.

आणि चालणारे आपल्याकडे काय कमी होते? आषाढात लावणी सोडून निघता येत नाही, म्हणून कोकणातला वारकरी कार्तिकीला पंढरपूर गाठतो. माझे काका तरुणपणी दिंडीबरोबर घाट चढून गेलेले. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, कुठल्या गावात ओसरी मिळते, सगळं त्यांना तोंडपाठ. लिहिलेलं एक अक्षर नाही. त्याची गरजच नव्हती, असं मला ठामपणे वाटतं. आपल्याकडे कुठल्याही दारात पाणी मागितलं की आधी गुळाचा खडा येतो. तिथे तासन्‌तास घर दिसत नाही, मग वहीलाच बोलावं लागतं. पण घाटावर जाणाऱ्या जुन्या पायवाटा माहीत असलेली माणसं एकेक करून चालली आहेत, आणि त्यांच्यामागे त्या वाटाही मोडत आहेत. तिथल्या वह्या वाचताना हे सारखं टोचतं.

काल काकांनी विचारलं, "एवढा चलान जातलंस, थंय देव खयचो गे?"

देव नाही, म्हटलं. मग सह्याद्री काय वाईट होता, असं आईच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. सह्याद्री माझाच आहे. पण वर्षातले दहा-अकरा महिने मी ज्या मुलखात राहते, तोही पायांखालून घातल्याशिवाय माझा होणार नाही, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागावी असं मला वाटत नाही. काकांना ते पटलं असावं. त्यांनी डायरीतली पाण्याची ठिकाणं मोठ्याने वाचायला सांगितली आणि दोन पाणवठ्यांमधलं एक अंतर ऐकून म्हणाले, थंय दोन बाटल्यांनी भागाचा नाय. मी तिसरी यादीत घातली. आज सकाळी चहाबरोबर नवी वही काढली आणि त्यांच्या दिंडीचा पहिला मुक्काम विचारला. फोंडा घाटापर्यंत आलो आहोत.