पैठणला जाल तेव्हा

माझं आजोळ पैठणचं. पाहुणे आले की त्यांना नाथांची समाधी दाखवतात, पैठणीचे माग दाखवतात, जायकवाडीचं धरण दाखवतात, आणि गाडी परत संभाजीनगरच्या रस्त्याला लागते. दोन हजार वर्षांपूर्वी इथून राज्य करणाऱ्या सातवाहन राजघराण्याचं नावही निघत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान, त्यांची राजधानी! पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून अकीकाच्या जातीचे दगड गाड्यांवर लादून बंदरात येतात. त्या बंदरासाठी, तिकडे जाणाऱ्या घाटवाटांसाठीच क्षत्रपांशी, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राज्यकर्त्यांशी, लढाया झाल्या. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाला हरवलं. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली; त्यातल्या निम्म्याहून जास्त नाण्यांवर नहपानाच्या मुद्रेवरच गौतमीपुत्राने आपला ठसा मारलाय. विजयाचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही. आणि त्याची कीर्ती नाशिकच्या लेण्यात कोरून ठेवली ती त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो सातवाहनांचाच हाल राजा. त्याच्या नावावरच्या महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांत दरबार जवळजवळ नाहीच. आहेत त्या शेतं राखणाऱ्या पोरी, वाटसरू, गोदावरीचा पूर.

तुम्ही जाल तेव्हा निदान गोदावरीकाठच्या नागघाटापर्यंत चालत जा, आणि सोबत मुलं असतील तर त्यांना सातवाहनांबद्दल तिथेच सांगा.