ले-ऑफ झाल्यावर: राजीनाम्याच्या सहीपासून नव्या नोकरीपर्यंत

2023 च्या उन्हाळ्यात माझी नोकरी गेली. हिंजवडीतल्या एका प्रॉडक्ट कंपनीत मी टेस्ट लीड, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमची प्रमुख होते, बँकांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर. अमेरिकेतल्या मूळ कंपनीने ते प्रॉडक्टच गुंडाळायचं ठरवलं आणि आमची अख्खी टीम आठवड्याभरात मोकळी झाली. ‘खचू नका, नवी सुरुवात करा’ छापाचे सल्ले चहूकडून आले. त्यांचा मला काडीचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो कागदपत्रं नीट करून घेतल्याचा, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

एचआरची मुलगी माझ्याहून बरीच लहान. तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. स्क्रीनवर राजीनामा तयारच होता, कारणाच्या रकान्यात ‘वैयक्तिक’. “आत्ता सबमिट केलंत तर दोन महिन्यांचा जादा पगार मिळेल, आणि रेकॉर्डही क्लीन राहील,” ती म्हणाली. आयटीत हे सर्रास चालतं. पण राजीनामा दिला की तुम्ही स्वतःहून गेलात असं ठरतं, आणि कपातीच्या भरपाईचा विषय तिथेच संपतो. तेव्हा लागू असलेल्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात, कलम 25एफ प्रमाणे, कपात केलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागायचा. आता टेस्ट लीड हा ‘कामगार’ म्हणायचा की मॅनेजर, यावर वकील लोक तास तास भांडू शकतात. तरी मी घरी जाऊन वाचते म्हणाले आणि उठले.

साताऱ्याला आमच्या नात्यातले एक वकील काका आहेत, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, “अगं, तुला ते काढतायत ना? मग तसं लिहून द्या म्हणावं. तुझं कसलं आलंय वैयक्तिक कारण?”

मी तसंच मेलवर कळवलं. भांडणाचा सूर अजिबात ठेवला नाही. प्रॉडक्ट बंद झाल्याने माझं पद रद्द होत आहे, पत्रात तेवढंच यावं, इतकी मागणी. दोन-तीन मेल इकडून तिकडे झाले आणि रिलीव्हिंग लेटरमध्ये तसं आलं. जादा पगारही मिळाला. सगळ्याच कंपन्या ऐकतील असं नाही, पण त्याच खोलीत त्याच मिनिटाला सही करायची गरज कुणालाच नसते. (नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता आल्यात, पीएफ काढायचे नियमही हललेत. त्यामुळे माझी कलमं जशीच्या तशी कुणाला सांगू नका, आजची बघा.)

मग हिशेब. ग्रॅच्युइटीचं सूत्र तेव्हा सरळ होतं: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर काम झालं असेल तर ते पूर्ण वर्ष धरतात, आणि माझी आठ वर्षं सात महिने नऊ झाली ती अशी. बेसिक 60,000 असेल तर नऊ वर्षांचे सुमारे 3 लाख 11 हजार होतात. एचआरच्या पहिल्या शीटमध्ये आठच वर्षं धरली होती. दाखवून दिल्यावर मुकाट दुरुस्त केली.

पीएफला हात लावायचा नाही हे मी आणि नवऱ्याने आधीच ठरवलं. नोकरी सुटली तरी त्यावर व्याज चालू राहतं, 2022-23 साठी ते 8.15 टक्के होतं. पोर्टलवर ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली गेली का, एवढं मात्र बघत राहिले. कंपनीने नाही भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपल्यालाही भरता येते. ती तारीख नसेल तर पुढच्या नोकरीत पीएफ ट्रान्सफर अडकतो.

खरी धडकी मेडिक्लेमची होती. सासूबाईंना डायबिटीस, आणि कंपनीची ग्रुप पॉलिसी शेवटच्या दिवशी बंद. त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत जायची सोय असते, आणि ग्रुपमध्ये काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमध्ये (जुन्या आजारांना क्लेम मिळत नाही त्या सुरुवातीच्या काळात) धरली जातात. अर्ज मात्र वेळेत, शक्यतो कव्हर चालू असतानाच करावा. आमच्यातल्या अनेकांना हे माहीतच नव्हतं. प्रीमियम ऐकून नवऱ्याने कपाळाला हात लावला, पण भरला.

त्यात घराचा हप्ता. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला होता आणि आमचं फ्लोटिंग कर्ज त्याच्यामागून धावत सुटलं होतं. जादा मिळालेल्या पगारातून सहा हप्ते वेगळ्या खात्यात टाकले आणि ते खातं नाही असंच समजलो.

घरच्यांना सांगणं सोपं गेलं, सोसायटीला अवघड. पार्किंगमध्ये जोशी काकू रोज विचारायच्या, “काय गं, आज पण घरूनच काम?” मी हो म्हणायचे. एक दिवस वैताग आला आणि सरळ सांगितलं, “काकू, नोकरी गेलीये.” संध्याकाळी त्या थालीपीठ घेऊन हजर. त्यांच्या जावयाचीही गेली होती म्हणे, कुणाला सांगितलं नव्हतं!

नोकरी शोधताना कळलं की बाजारात मॅन्युअल टेस्टिंगला कुणी विचारत नाही. ‘इमिजिएट जॉइनर’ म्हटल्यावर फोन भरपूर यायचे, पण दुसरंच वाक्य “सेलेनियम येतं का?” (सॉफ्टवेअरची तपासणी आपोआप करणारं टूल.) मी जावा आणि सेलेनियम शिकायला घेतलं, जमतही होतं. पण समोर पाच वर्षं अनुभवाची मुलं, माझ्या निम्म्या पगारात तेच काम करायला तयार. त्या रांगेत उभं राहण्यात मला फार अर्थ दिसेना. ‘नोकरी का सोडली?’ याला उत्तर तयार होतं: प्रॉडक्ट बंद झालं, टीम गेली. एवढं बोलून गप्प बसायचे. पुढे कुणी उकरलं नाही, पत्रातही तेच होतं.

वाट निघाली ती एका जुन्या सहकारी मैत्रिणीमुळे. ती औषध कंपन्यांना व्हॅलिडेशनची सेवा देणाऱ्या छोट्या फर्ममध्ये होती. “तुला टेस्ट केस लिहायचा कंटाळा येत नाही ना? मग इकडे ये, इथे सगळ्यांना येतो,” म्हणाली. औषधाच्या कारखान्यातलं सॉफ्टवेअर ठरल्याप्रमाणे चालतं हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. यूआरएस (सॉफ्टवेअरकडून काय हवंय), आयक्यू (नीट बसवलं का), ओक्यू (ठरल्याप्रमाणे चालतं का), पीक्यू (रोजच्या कामात टिकतं का) अशी कागदांची उतरंड असते. इलेक्ट्रॉनिक नोंदी आणि सह्यांसाठी अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेचा, 21 सीएफआर पार्ट 11 हा 1997 चा नियम आहे. तो नेटवर फुकट मिळतो आणि लांबीला फार नाही. मी तो पेन्सिल घेऊन वाचला. बँकेच्या ऑडिटसाठी आम्ही जे करायचो त्याचाच हा कडक भाऊ निघाला.

मुलाखतीत त्या फर्मच्या सरांनी प्रश्न फारसे विचारलेच नाहीत. एक भरलेलं टेस्ट स्क्रिप्ट पुढे सरकवलं, “बघा काय चुकलंय.” एका जागी व्हाइटनर लावलेला होता. तारखेतला 3 गिरवून 8 केला होता, शेजारी सही नाही. इथे चूक एकाच रेघेने खोडायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही-तारीख. मला त्याहून जास्त खटकलं ते अपेक्षित निकालाच्या रकान्यातलं ‘सिस्टीम व्यवस्थित चालली पाहिजे’ हे वाक्य. व्यवस्थित म्हणजे काय, हे तपासणार कसं? मी तसं म्हटलं तेव्हा सर पहिल्यांदा हसले.

पगार आधीपेक्षा पंधरा टक्के कमी होता. नवरा म्हणाला, थांबून बघ. मला थांबायचं नव्हतं. जुन्या पगाराला पोचायला दोन इन्क्रिमेंट लागली, आणि आता महिन्यातला एखादा आठवडा हिमाचलमधल्या बद्दी किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत जातो. आई गोव्याला जाते म्हणून मुलीला माझा हेवा वाटतो. तिला सांगूनही पटत नाही की त्या आठवड्यात मला समुद्र दिसत नाही.

जुन्या टीममधली आणखी एक जण मागच्या वर्षी आमच्याकडे आली. सरांनी तिच्यापुढेही तेच पान ठेवलं. व्हाइटनर तिला दिसला, तारीख मात्र सुटली. तरी घेतलं तिला.