जोडी म्हणून आणलेले दोन नर

लातुरात जनावरांचा दवाखाना चालवायचा म्हणजे पोट फुगलेली म्हैस, पान्हा चोरणारी गाय आणि गोचीडतापाचं कुत्रं, हे रोजचं. त्यामुळे उन्हाळ्यातल्या एका सकाळी एक पोरगा मांडीवर माशांची काचेची टाकी धरून बाकावर बसलेला दिसला, तेव्हा मला वाटलं वाट चुकला. टाकीत मासे नव्हते. दोन शॅमेलिऑन होते, रंग बदलणारे सरडे.

मी आधी कागद मागितले. आपल्याकडे बाभळी-बोरीच्या झुडपांत दिसणारा शॅमेलिऑन 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, तो घरात ठेवणं म्हणजे वनखात्याला आमंत्रणच. पण या दोघांच्या डोक्यावर उंच तुरा होता. मूळचा येमेनकडचा व्हेल्ड शॅमेलिऑन. असल्या परदेशी प्राण्यांचीही केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. पोराकडे ती मोबाइलमध्ये होती, म्हणून पुढचं बोलणं झालं.

"सर, जोडी आहे. नर मस्त खातो, मादी खातच नाही."

मोठा बल्बखालच्या फांदीवर ऐटीत, हिरवागार. धाकटा तळाच्या कोपऱ्यात, जवळजवळ काळा पडलेला. डोळे आत ओढलेले, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. तुऱ्यावर खरचटल्याच्या खुणा, शेपटीवर चावा. मी त्याला हळूच हातावर चढवलं आणि मागचा पाय उजेडात धरून टाच पाहिली. या जातीच्या नराला अंड्यातून बाहेर पडल्यापासूनच टाचेवर एक बारीक मांसल टोक असतं. मादीला ते नसतं. इथे होतं. मोठ्याचा पाय पाहिला, तिथेही होतं.

"अरे, दोघंही नर आहेत."

पोराचं तोंड बघण्यासारखं झालं. मादीचे वेगळे पैसे मोजले होते बिचाऱ्याने.

वजनासाठी आमचा काटा कामाचा नव्हता, तो वासरांचा. शेजारच्या सराफाकडे गेलो. तो म्हणाला, "डबा झाकण लावून आणा, गिऱ्हाईक पळेल." मोठा 130 ग्रॅम, धाकटा जेमतेम 70. एकाच दिवशी आणलेले, एकाच वयाचे.

पोराने मग मोबाइलवर फोटो दाखवले. एक दुसऱ्याच्या पाठीवर चढून बसलाय. "बघा ना सर, किती प्रेम!" प्रेम कसलं! टाकीत ऊब देणारी जागा एकच, ती वरच्याने बळकावलेली. या प्राण्याला अंगची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेलंही पचत नाही. खालच्याला ऊब नाही, किडा टाकला की वरच्याची जीभ आधी पोचते, आणि दिवसभर समोर दुश्मन. मारामारी रोज व्हायलाच पाहिजे असं नाही, नुसतं दिसत राहणंही पुरतं.

पोराला ते पटेना. मग मी धाकट्याला टेबलावरच्या जास्वंदीच्या कुंडीत ठेवलं आणि मध्ये औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उभा केला. तोवर वासरू घेऊन आलेल्या एका मामांचं काम उरकलं. परत आलो तर काळपट रंगातून हिरवे पट्टे वर येत होते. पुठ्ठा काढला. मोठा दिसताक्षणी धाकट्याने अंग दोन्ही बाजूंनी चपटं केलं आणि पुन्हा काळा. पुठ्ठा परत उभा केला. मागच्या झाडासारखा रंग घ्यायला हा रंग बदलतो असा आपला समज. खरं तर भीती, राग, ऊन असलं सगळं तो कातडीवर दाखवतो.

मामा दारातूनच म्हणाले, "सायेब, दोन वळू एका दावणीला बांधल्यावानी झालं की हे!"

मी इतका वेळ समजावत होतो ते मामांनी एका वाक्यात उरकलं.

धाकट्याला कोमट सलाईन कातडीखाली दिलं, जखमा पुसल्या. खरं औषध मात्र घर बदलणं. दोन पिंजरे, प्रत्येकी दोन बाय दोन फूट आणि चार फूट उंच, कारण हा उंचावर राहणारा जीव. काच नको. काचेत हवा कोंडते, शिवाय स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तरी हा लढायला उठतो. खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमची चौकट आणि जाळी, आणि दोन पिंजऱ्यांच्या मध्ये आरपार न दिसणारं प्लायवूड. दोघांना आपापला यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा, तो नसेल तर हाडं मऊ पडतात. लातूरच्या मे महिन्यात खोलीच भट्टी होते, तेव्हा दुपारी उबेचा बल्ब बंद.

पाणी वाटीत ठेवून उपयोग नाही. हा पानांवरचे थेंब चाटतो. सलाईनचा रिकामा संच दिला, बाटली वर टांगायची आणि थेंब जास्वंदीच्या पानावर पडतील असा धरायचा. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे थेंब मोजून पिणारा प्राणी शोभतो म्हणायचा.

किडे शेतातून आणतो म्हणाला. ते मात्र साफ बंद करायला लावलं. सोयाबीनवर फवारणी झाली की तिथला नाकतोडा म्हणजे विषाची पुडी. घरी रातकिडे वाढव, म्हटलं.

पुढे धाकटा सुधारला, वजन धरू लागला. पण मोठ्याने खाणं सोडलं. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर प्लायवूड जागेवर, दिवा ठीक, पाणी ठीक. मग पोराला मोबाइल पिंजऱ्याच्या आतून बाहेर धरायला लावला. समोर कपाटाचा आरसा! हा गडी सकाळपासून आरशातल्या स्वतःला धमकावत बसायचा. आरशावर चादर टाकली तसा निवळला. पोराच्या आईची मात्र वेणीफणी दुसऱ्या खोलीत गेली, त्यावरून मला बोलणी बसली ती वेगळी.

परवा पोरगा विचारत होता, आता खरी मादी आणू का? मी सांगितलं, तिलाही वेगळा पिंजरा लागेल. नर जवळ नसला तरी ती अंडी घालते, ती पुरायला ओल्या वाळूची खोल बादली हवी, नाहीतर अंडी अडकून मरते. मागून त्याच्या आईचा आवाज आला, "डॉक्टर, आधी ह्याच्यासाठी एखादी बघा. तिच्यासाठी कपाट रिकामं करते मी."