बिल्ड पास, तरी प्रोग्राम कोसळतो
आजचा दिवस लायब्ररींच्या (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या) व्हर्जनचा गुंता सोडवण्यात गेला, आणि त्याचं मनापासून समाधान आहे. बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्राम तयार होण्याची पायरी, व्यवस्थित पास होत होता, पण प्रोग्राम चालवला की ‘नो सच मेथड एरर’, म्हणजे हवी ती मेथड (फंक्शन) सापडतच नाही. दोन लायब्ररींना तिसरी एकच लायब्ररी हवी होती. एकीला जुनं व्हर्जन, दुसरीला नवं. जावा जिथे कोड शोधते त्या क्लासपाथवर त्यातलं एकच टिकलं, ते जुनं. मग नव्यातली मेथड सापडणार कुठून?

कोणतं टिकणार, हे प्रत्येक बिल्ड टूल आपापल्या पद्धतीने ठरवतं. ग्रेडल सर्वांत नवं उचलतं. माझ्या प्रोजेक्टमधलं मावेन नवं-जुनं बघतच नाही. डिपेंडन्सींच्या (लागणाऱ्या लायब्ररींच्या) झाडात प्रोजेक्टला जे जास्त जवळचं, ते घेतं. अंतर सारखं असेल, तर पॉम फाइलमध्ये (मावेनच्या सेटिंग फाइलमध्ये) आधी लिहिलेलं. हा नियम माहीत नसेल तर माणूस तासन्‌तास स्वतःचाच कोड तपासत बसतो!

डिपेंडन्सी ट्री, म्हणजे तेच झाड, व्हर्बोज (सविस्तर) पर्यायासह काढली आणि वगळलेलं व्हर्जन समोर आलं. पॉममधल्या डिपेंडन्सी मॅनेजमेंट या भागात नवं व्हर्जन पक्कं केलं. एक्सक्लूजननेही (जुनं वगळायला सांगून) भागलं असतं, पण ते जागोजागी लिहावं लागतं, म्हणून मला पटत नाही. व्हर्जनचा मेजर (पहिला) आकडा तोच होता, त्यामुळे जुनं व्हर्जन मागणारी लायब्ररीही नव्यावर चालली; सगळ्या टेस्ट पुन्हा चालवून खात्री केली.

उद्या मावेनच्या एन्फोर्सर प्लगिनचा ‘डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स’ नियम (एकाच लायब्ररीची वेगवेगळी व्हर्जन मागितली गेली तर बिल्ड थांबवणारा) लावणार आहे. पुढच्या वेळी असा झगडा बिल्डमध्येच अडेल.