आजीची बांगडी मुशीत जाण्याआधी

आजीच्या डबीत पाच वस्तू होत्या आणि त्यातली एकही ताईला किंवा मला अंगावर घालता येत नव्हती. बांगडी एका जागी चिरलेली. साखळी तीन ठिकाणी तुटून जोडलेली. लाल खड्याची अंगठी ताईच्या करंगळीतही जाईना. मोत्याचं कानातलं एकच उरलेलं. आणि पाच हिऱ्यांचा एक ब्रोच, जो लावता येईल असे कपडे आम्ही दोघीही घालत नाही. आजीला जाऊन चार वर्षं झाली तरी डबी कपाटातच होती. कधीतरी उघडायची, एकेक वस्तू हातात घेऊन बघायची, पुन्हा बंद करायची. शेवटी ताई म्हणाली, "हे असंच राहिलं तर आपल्यानंतर हे कुणाचं होतं तेही कुणाला कळणार नाही. रोज वापरता येईल असं काहीतरी करून घेऊ या."

पहिल्या दुकानात आम्ही जेमतेम वीस मिनिटं थांबलो. तिथल्या माणसाने पाचही वस्तू एकदमच काट्यावर ठेवल्या, खड्यांचं वजन अंदाजाने वजा केलं आणि "सगळं १८ कॅरट धरतो" म्हणाला. त्या हिशेबात बसेल तो तयार दागिना निवडायचा. मी विचारलं, याच सोन्यातून घडवून मिळेल का? "सोनं ते सोनंच," तो म्हणाला. रसायनशास्त्राच्या दृष्टीने त्याचं बरोबर होतं. बदलून दिलेलं जुनं सोनं शुद्धीकरणाला जातं, अम्लात विरघळून इतर शेकडो दागिन्यांच्या सोन्यात मिसळतं आणि ९९.९ टक्के शुद्ध होऊन बाहेर येतं. त्यात आजीचं काय राहिलं, हे कुणीच सांगू शकत नाही. पण आम्हाला नेमकं तेच हवं होतं: तिच्या हातावर पन्नास वर्षं राहिलेलं सोनं. वस्तू परत डबीत ठेवल्या आणि निघालो.

पुढचे दोन महिने काहीच केलं नाही. मग ओळखीतून एका कारागिराचं नाव कळलं. एका खोलीची कार्यशाळा, ते आणि त्यांची मुलगी. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो. पहिल्याच भेटीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, "आज मी काही तोडणार नाही, वितळवणार नाही. आज फक्त आपल्याकडे काय आहे ते बघू."

त्या दुपारी मी जे शिकले ते सविस्तर सांगते, कारण माझ्या मते या कामातला सगळ्यात मोलाचा भाग तोच होता.

काकांनी प्रत्येक वस्तू आमच्यासमोर वेगळी तोलली, मुलीने दोन्ही बाजूंनी फोटो काढले, वजनं कागदावर उतरली आणि त्या कागदावर आमच्या सह्या झाल्या. बांगडी ११.२० ग्रॅम, साखळी ६.४० ग्रॅम. मग कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, तपासला. बांगडी २२ कॅरट निघाली, म्हणजे २४ भागांत २२ भाग सोनं. साखळी १८ कॅरट, अंगठीचं कडं १४ कॅरट. पहिल्या दुकानाने बांगडीही १८ मध्येच धरली होती.

साखळीच्या तीन जोडांपैकी दोन करडे दिसत होते. काकांनी भिंगातून बघितलं आणि मान हलवली. कुणीतरी त्या कड्या कथील-शिशाच्या टाक्याने जोडल्या होत्या. शिसं सोन्याचं वैरी आहे. अगदी थोडं जरी मुशीत गेलं तरी अख्खा वितळ ठिसूळ होतो, मग ते सोनं ठोकताना किंवा रोलरमधून काढताना तडकतं. त्यामुळे त्या कड्या आजूबाजूच्या दोन-दोन कड्यांसकट करवतीने काढाव्या लागणार होत्या. ०.८० ग्रॅम बाजूला गेलं. हे न बघता सगळं एकत्र वितळवलं असतं तर बांगडीचं सोनंही बिघडलं असतं.

ब्रोच मी तोपर्यंत पांढऱ्या सोन्याचा समजत होते. त्याचा दर्शनी भाग चांदीचा होता आणि पाठ सोन्याची. प्लॅटिनमचा वापर रुळण्याआधी हिरे असेच बसवत, पिवळ्या धातूची छाया हिऱ्यात दिसू नये म्हणून. चांदी काळवंडली होती तेवढंच. हिरेही जुन्या पद्धतीचे, हाताने पैलू पाडलेले: वरचा सपाट भाग लहान, माथा उंच, आणि खालचं टोक छाटलेलं असल्यामुळे वरून बघताना मधोमध एक बारीक वर्तुळ दिसतं. आज आपण पैलूंच्या ज्या घाटाला गोल ब्रिलियंट म्हणतो त्याचं गणित अभियंते मार्सेल टोल्कोवस्की यांनी १९१९ मध्ये मांडलं. त्यानंतरच्या हिऱ्यांशी तुलना केली तर आमचे पाच हिरे मंद वाटतात. काकांच्या मुलीने दिवे बंद करून एक मेणबत्ती लावली आणि ब्रोच तिच्यासमोर धरला. रंगांचे मोठे, संथ तुकडे हलत होते. हे हिरे पुन्हा कापून आधुनिक करता येतात, पण त्यात वजन बरंच जातं आणि हा उजेड तर कायमचाच जातो. तो विचार आम्ही तिथेच सोडला.

अंगठीचा लाल खडा मात्र मनाला लागला. घरात सगळे त्याला माणिकच म्हणत आले होते. काका बराच वेळ भिंगातून बघत राहिले, मग म्हणाले, "हा प्रयोगशाळेत दाखवून घ्या. मी तोंडी सांगणार नाही." अहवाल आला तो असा: कृत्रिम माणिक, ज्वालेत वितळवून वाढवलेलं. ओग्यूस्त व्हर्न्यूय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली, आणि त्यानंतरच्या काळात असे खडे दागिन्यांमध्ये सर्रास बसवले गेले. खऱ्या माणकात वाढीच्या रेषा सरळ किंवा कोनात असतात, यात त्या वक्र होत्या, आणि गोल हवेचे बुडबुडे. घडण मात्र तीच, अॅल्युमिनियम ऑक्साइड आणि रंगाला क्रोमियम, काठिण्यही तेच ९.

आईला हे कसं सांगायचं याची मला काळजी होती. तिने अहवाल वाचला, घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "ती आंघोळीलासुद्धा काढायची नाही." तिथेच ठरलं की नवीन अंगठीत तोच खडा बसेल. त्याच्या कडा थोड्या झिजल्या होत्या. घासून नव्यासारखा करता आला असता, आम्ही नको म्हणालो.

त्या अंगठीच्या आत दोन अक्षरं कोरलेली होती, आजीचं आणि आजोबांचं आद्याक्षर. झिजून इतकी पुसट झाली होती की बोटाने जाणवतही नव्हती. कडं वितळलं की ती गेली. ताईने विचारलं, तेवढा तुकडा वाचवता येईल का? काकांनी कागदावर चित्र काढून दाखवलं: कड्याचा अक्षरांचा भाग कापून काढायचा, नवीन अंगठीच्या आतल्या बाजूला त्याच मापाची खाच करायची आणि तिथे तो झाळून बसवायचा. १४ कॅरटचा रंग जरा फिका, त्यामुळे तो तुकडा आत कायम वेगळा दिसेल, असंही सांगितलं. आम्हाला तो वेगळाच दिसायला हवा होता.

ब्रोच न मोडण्याचा सल्ला त्यांचाच. पाठीमागे एक कडी बिजागरीसारखी लावायची, साखळीत अडकवला की पदक, कडी मागे वळवली की पुन्हा ब्रोच. मूळ वस्तूला जवळजवळ हात न लावता. माझ्या मते दागिना नव्याने करण्यातलं हे सगळ्यात कसबाचं काम, कारण पुढे कुणाला नको वाटलं तर ते उलटं फिरवता येतं. वितळवलेलं काहीच उलटं फिरत नाही.

वितळवण्याआधी काकांनी आम्हाला आठ दिवस थांबायला सांगितलं. हा त्यांचा नेम आहे. त्या आठ दिवसांत मी बांगडीवरच्या वेलीचा पेन्सिलने कागदावर छाप घेतला, सगळीकडून फोटो काढले, चिरलेली असूनही दोन दिवस घरात घालून फिरले. पाचव्या दिवशी ताईचा फोन आला, राहू दे का बांगडी तशीच? तासभर बोललो. दुरुस्त करता आली असती, पण पत्रा इतका पातळ झाला होता की दुसऱ्या जागी चिरली असती. काकांनी हे आधीच सांगितलं होतं. मग ठरवलं, करू या.

सोनं वितळवायला आम्ही दोघी गेलो. हिशेब असा होता: ११.२० ग्रॅम २२ कॅरट आणि साखळीचं उरलेलं ५.६० ग्रॅम १८ कॅरट, एकूण १६.८० ग्रॅम. वजनाने सरासरी काढली तर पावणेएकवीस कॅरटच्या आसपास. प्रत्यक्षात वितळवून नमुना तपासला तर २०.४ निघालं, कारण जुन्या जोडांच्या झाळीत सोनं कमी असतं. खडा धरणाऱ्या नख्यांना २२ कॅरट फार मऊ पडतं, म्हणून सगळं १८ वर आणायचं होतं. त्यासाठी तांबं आणि चांदी मिळून २.२४ ग्रॅम घातलं. सोनं कमी झालं नाही, धातू वाढला. हे आकडे तुम्ही स्वतःही करून बघा, अगदी सोपे आहेत, आणि ते कळले की मनातली शंका निम्मी होते.

साखळी आधी गेली, बांगडी शेवटी. काकांनी तिचे चार तुकडे केले तेव्हा ताईने माझा हात घट्ट धरला होता. टाकणखाराची चिमूट पडली, वेल दिसेनाशी झाली, कडा गोल झाल्या आणि अचानक सगळं एकाच थेंबासारखं लख्ख गोळा झालं. शुद्ध सोनं १०६४ अंशांवर वितळतं, मिश्रधातू त्याच्या अलीकडेच. लोखंडी साच्यात ओतलं तेव्हा बोटभर लांबीची बारीक कांडी तयार झाली. ती हातात घेतली तेव्हा कोमट होती आणि वाटली त्याहून जड.

दागिनाच साच्यात ओतून करायच्या कामासाठी जुनं सोनं काका फारसं वापरत नाहीत, त्यात बारीक छिद्रं राहण्याचा धोका असतो. म्हणून सगळं हाताने घडवलं. पहिल्यांदा रोलरमधून काढताना कांडीची कड तडकली. ते थांबले, पुन्हा वितळवली, पुन्हा सुरुवात. यात तीन आठवडे गेले. मधे ताई दोनदा जाऊन पितळेची नमुना अंगठी घालून आली. रुंद पट्टीची अंगठी त्याच मापाच्या बारीक अंगठीपेक्षा घट्ट बसते, आणि बोटं सकाळ-संध्याकाळ सारखी नसतात, त्यामुळे माप दोन वेगळ्या वेळी घेतलं ते बरं झालं.

ताईची अंगठी ५.८५ ग्रॅम झाली, खडा आणि आतला अक्षरांचा तुकडा सोडून. माझ्यासाठी पुढून उघडं असलेलं हातातलं कडं, १०.९० ग्रॅम. बांगडीवरच्या वेलीचं एक पान माझ्या छापावरून काकांच्या मुलीने त्याच्या टोकाला कोरलं. उरलेले तुकडे आणि कानशीने पडलेला कीस मिळून १.८५ ग्रॅम पुडीत परत. १९.०४ मधून ही बेरीज वजा केली तर ०.४४ ग्रॅम घट. पॉलिशमध्ये आणि पुन्हा वितळवण्यात तेवढी जाते, आणि घट किती धरायची हे कागदावर आधीच लिहिलेलं होतं. घडणावळही. त्यामुळे शेवटच्या दिवशी बोलायला पैशांचा विषयच नव्हता. आई अंगठी खिडकीशी नेऊन, भिंग डोळ्याला लावून आतली दोन अक्षरं शोधत बसली. सापडल्यावर तिने ती मोठ्याने वाचली.

ब्रोच आम्ही आलटून-पालटून वापरतो. सहा महिन्यांनी नख्या तपासायला अंगठी एकदा नेऊन आणली, एक किंचित सैल झाली होती ती बसवून दिली. अल्ट्रासॉनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींच्या कंपनांनी दागिने धुणाऱ्या यंत्रात, ब्रोच धुवायचा नाही असं काकांनी बजावून ठेवलंय. जुनं कोंदण, हिरे निसटू शकतात.

मोत्याचं एकटं कानातलं अजून डबीत आहे. मोती मऊ असतो, आधी काढून ठेवायचा, मगच आच, एवढं काकांनी सांगितलंय आणि त्याचं काय करता येईल याचे दोन पर्यायही सुचवलेत. आम्ही थांबलोय. आईला वाटतं की दुसरं कानातलं घरातच कुठेतरी आहे. मागच्या महिन्यात तिने माळ्यावरच्या दोन पेट्या खाली काढून बघितल्या. अजून एक राहिली आहे.